मिठाशी वैर धरलेले दोन दात

अन्याय झाला तो माझ्या घरमालकीणकाकींवर. मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या एका दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवर. वेळ पक्की माहीत आहे, कारण मी काकींच्या शेजारी उभी होते आणि समोरच्या भिंतीवर दाढेच्या आकाराचं घड्याळ होतं. काउंटरवरच्या मुलीने काकींचं कार्ड उलटं करून बघितलं आणि काकींशी बोलायचं सोडून मला सांगितलं, "दीदी, इनका चार साल में एक भी फॉलो-अप नहीं हुआ. गॅरंटी व्हॉइड है."

कार्डाच्या पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत 'लाइफटाइम' छापलेलं होतं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजीत अट होती, दर सहा महिन्यांनी तपासणीची. काकींना मराठी वाचता येतं, ओळीखाली बोट धरून. इंग्रजी येत नाही. दवाखान्याला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण त्याच अटीखाली काकींची मराठीतली सही होती.

"काय म्हनते ही?" काकींनी मला विचारलं.

"तुमचे दात आता तुमचे तुम्ही बघा, म्हणते."

"मग आजवर कोन बगत होता?"

हा प्रश्न मी काउंटरवर हिंदीत करून सांगितला. मुलीने पुढचा पेशंट बोलावला.

काकींकडे मी पाच वर्षं भाड्याने राहिले. त्याआधी मीरा रोडला खोली शोधत हिंडत होते, तेव्हा अकरा दारांवर मला आडनाव विचारलं गेलं. आडनाव ऐकलं की खोली नुकतीच गेलेली असायची. बारावं दार काकींचं, भाईंदर पूर्वेच्या गावठाणातल्या तीन मजली इमारतीचं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एकच विचारलं, "लोखंडी कपाट हाय?"

"नाही."

"खाट?"

"गादी आहे. कापसाची."

"मग ये."

आडनाव त्यांना चार महिन्यांनी कळलं, तेही लाइट बिलावरून, आणि त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बिल जास्त आलंय. या शहरात माणूस पारखायच्या ज्या काही कसोट्या आहेत, त्यांत लोखंडी कपाट ही सगळ्यांत न्याय्य कसोटी आहे असं माझं आजही मत आहे.

तिच्यामागे कारण होतं. काकींच्या सासरचं मिठागर होतं. लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षं त्यांनी तिथे मीठ ओढलं, डोक्यावरून वाहिलं, खाडीचं पाणी अडवणारे बांध राखले. मिठागरात लोखंडाचं काही टिकत नाही. फावडं दोन मोसमांत चाळणी होतं, कुलूप एका पावसाळ्यात दगड होतं. म्हणून मीठ ओढायची अवजारं लाकडाची. मिठागर बंद पडलं, जमीन गेली, इमारत उभी राहिली, पण काकींच्या डोक्यातून हे युद्ध काही गेलं नाही. खोबरेल तेलाच्या बाटलीच्या झाकणाला त्यांनी दाभणाने भोक पाडलं होतं. रोज सकाळी ती बाटली घेऊन त्या इमारतभर फिरायच्या. गेटच्या बिजागऱ्या, प्रत्येक मजल्यावरच्या कड्या, पाण्याच्या पंपाचे नट, माझ्या स्कूटरचा स्टँड. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा हाताला तेल लागूनच आत यायचा. तिसऱ्या मजल्यावरचे गुजराती काका रोज म्हणायचे, "काकी, इतना तेल में तो मेरा महिने का फाफडा तळेल." काकी म्हणायच्या, "तुमी फाफरा तला, मी कडी तलते." आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची कडी आणखी दोनदा तेलात भिजवायच्या.

लाकडाला मात्र कधी हात लावला नाही. लाकूड आपलं आपण सांभाळतं, असा त्यांचा विश्वास.

काकींची दुसरी ओळख गावाबाहेरच्यांना नसायची. त्या लग्नात धवळे गायच्या. आगरी लग्नात हळदीपासून पुढचे सगळे विधी ही गाणी म्हणत म्हणत बायकाच पार पाडतात, आणि ज्या बाईला ती सगळी पाठ असतात तिच्याशिवाय मांडवात पान हलत नाही. काकींना ती सगळी पाठ होती. कागदावर एकही नव्हतं. मी एकदा लिहून घेऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "लिवून ठेवलास तर मी इसरेन."

तर, एका लग्नाच्या मांडवातच त्या पायरीवरून पडल्या आणि वरचे समोरचे दोन दात गेले. पहिल्यांदा त्यांनी काढता-घालता येणारे दात बसवून घेतले. पुढच्याच हळदीत, तिसऱ्या कडव्याला, ते दात नवरीच्या पुढ्यातल्या हळदीच्या ताटात पडले. काकींनी ते उचलले, तांब्यातल्या पाण्याने धुतले, तोंडात बसवले आणि कडवं जिथे तुटलं होतं तिथून पुढे घेतलं. नवरी हसून हसून रडली. काकी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी परगावी राहणाऱ्या मुलाला फोनवर म्हणाल्या, "मना हाडात रुतलेलं दात पायजे."

असे दात मिळतात. जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू बसवतात, काही महिन्यांत हाड त्याला धरून घेतं, मग वर दाताची कॅप चढवतात. इम्प्लांट म्हणतात. काकींचे दोन बसले. त्या दिवशी डॉक्टरशी झालेलं बोलणं त्यांनी मला इतक्या वेळा करून दाखवलं आहे, डॉक्टरच्या आवाजासकट, की मी तिथे नव्हते हे मला कधीकधी आठवावं लागतं.

"मी इचारला, डॉक्टर, ये स्क्रू किसका है? तो बोलतो, मेटल का है, माताजी. मी इचारला, जंग लगेगा क्या? तो हसला. बोलतो, माताजी, ये लाइफटाइम है, आप आराम से खाओ."

तो हसला. इथेच थांबा. एका बाईने आयुष्यभर धातूंची खोडी बघितली आहे, ती तिच्या तोंडात काय बसवताय असं विचारते आहे, आणि शिकलेला माणूस हसतो. त्या हसण्याचा अर्थ काकींनी त्यांच्या अनुभवाने लावला: हा काहीतरी लपवतोय. भाजीवाला, ठेकेदार, नगरसेवक, सगळे असेच हसतात. घरी येऊन त्यांनी इंग्रजी सूचनांचा कागद फरसाणाच्या डब्यात ठेवला आणि दोन्ही दातांच्या संरक्षणाची व्यवस्था स्वतःच्या हातात घेतली.

व्यवस्था अशी. मीठ बंद. समोरच्या दातांना खारट काहीही लागता कामा नये. कालवण अळणी, भात अळणी, लोणचं तर घरातून हद्दपार. रोज सकाळी बिजागऱ्यांचं झालं की आरशासमोर बसून कापसाच्या वातीने दोन्ही दातांच्या मुळाशी खोबरेल. आणि ब्रश बंद. ब्रश म्हणजे पाणी, पाणी म्हणजे गंज. बाकीचे दात त्या बोटाने, मशेरी लावून घासायच्या. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, हिरड्यांची आणि इम्प्लांटची पक्की वैरीण. पण मशेरीत मीठ नव्हतं, म्हणून मशेरीला परवानगी होती.

उत्तनहून एक कोळीण आठवड्यातून दोनदा सुकी मासळी घेऊन आमच्या गेटवर यायची. काकींची जुनी मैत्रीण. वाटीभर सुके बोंबील रोज ताटात, अशी काकींची ख्याती होती. आता त्या पाटीकडे बघायच्या, एक बोंबील उचलून वास घ्यायच्या आणि परत ठेवायच्या.

"फकस्त वासाचे पैसे कवा देशील?" कोळीण विचारायची.

"दात हायेत माजे."

"लोकांना दात नसले की खाता येत न्हाय. तुला आलं तवापासून खाता येत न्हाय. परत नेऊन दे की."

चार वर्षं हे चाललं. मी बघत होते. मी हसत होते. मी पाण्यासाठी महापालिकेवर मोर्चे काढत होते, रेशनच्या रांगेत पत्रकं वाटत होते, आणि घरी आल्यावर कोणीतरी विक्षिप्त आणि प्रेमळ आहे याची गंमत घेत होते. काकी, टायटॅनियम गंजत नाही, हे एक वाक्य सांगायला मला फोनवर दोन मिनिटं शोधावं लागलं असतं.

मग एके सकाळी वात लाल निघाली. दुखत नव्हतं. काकींनी तेल बदलून बघितलं. पंधरा दिवसांनी हिरडी सुजली तेव्हा त्यांनी मला दाखवली, आणि आम्ही त्या मंगळवारी सिल्व्हर पार्कला गेलो. तिथे काय झालं ते वर लिहिलं आहे.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायलाच हवं, कारण अन्यायाची यादी अर्धी छापण्यात अर्थ नाही.

मी पेटले. रिक्षातच मी काकींना सांगितलं, "आता कोणालाही तोंडाला हात लावू द्यायचा नाही. हा पुरावा आहे."

"माजा दात पुरावा?"

"ग्राहक आयोगात जाऊ. तुम्ही फक्त थोडं थांबा."

आणि काकी थांबल्या. गेली चार वर्षं त्यांनी कोणाचं ऐकलं नव्हतं, नेमकं माझं ऐकलं. मी तक्रार लिहिली, कार्डाची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढली, पत्रकाचा मजकूर केला. वर मोठ्या अक्षरांत 'लाइफटाइम कोणाचा?' असं लिहून मी खूश झाले. कच्चा कागद काकींना वाचायला दिला. त्यांनी ओळीखाली बोट धरून सगळा वाचला. दोनदा वाचला.

"चांगला लिवलास," त्या म्हणाल्या. "पन यात दात कसा राकाचा ते कुठं हाय?"

"काकी, तो मुद्दा नाहीये. मुद्दा फसवणुकीचा आहे."

"बरा," काकी म्हणाल्या, आणि गेटला तेल घालायला गेल्या.

हा संवाद मला झोपेत ऐकू येत नाही. जागेपणी, चांगल्या उजेडात येतो. ज्या बाईच्या तोंडातलं हाड आतून झिजत होतं तिने मला अचूक मुद्दा सांगितला होता, आणि मी तिला मुद्दा समजावून सांगत होते.

सात आठवडे गेले. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होते. एके दुपारी काकी माझ्या दारात आल्या, तोंड उघडलं आणि डावा दात जिभेने ढकलून दाखवला. तो हलला.

"आता तुजा पुरावा हलतंय," त्या म्हणाल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्या भाचीच्या मुलीचं लग्न होतं आणि सगळे धवळे काकींनीच म्हणायचे ठरले होते. मला ते आठवलं एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मीरा रोडच्याच पूनम सागर भागात एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. छोटा दवाखाना, भिंतीवर साधं घड्याळ. बाईंनी एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. दोन स्क्रू ठळक पांढरे. उजव्याच्या भोवती हाड थोडं खाली गेलेलं. डाव्याच्या भोवती हाड जवळजवळ उरलंच नव्हतं.

"जंग लागली?" काकींनी विचारलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातलं ठेवलं आणि स्टूल पुढे ओढलं. "नाही काकी. हा टायटॅनियम. याला गंज लागत नाही. मिठाने नाही, पाण्याने नाही, समुद्रात टाकला तरी नाही."

काकींनी पडद्यावरच्या स्क्रूवर बोट ठेवलं. "मंजे चार वरसा मी अलनी खाल्ला."

"हो."

"आनि तेल?"

"तेलाने बिघडलं नाही. घासला नाही त्याने बिघडलं. आणि मशेरीने. स्क्रूला काही झालेलं नाही, तो अजून नवा आहे. त्याच्या भोवतीची हिरडी आणि हाड, ती तुमची आहेत, ती गेली. इम्प्लांटला नस नसते, त्यामुळे किडक्या दातासारखं हे ठणकत नाही. रक्त येतं, सूज येते, माणूस म्हणतो दुखत तर नाहीये. त्या वेळी आलं तर नुसत्या सफाईने थांबतं."

"किती दिवस टिकतो हा?" मी विचारलं. माझ्या डोक्यात अजून तक्रारीचा कागद होता.

"नीट ठेवला तर स्क्रू वीस-पंचवीस वर्षं, काहींना जन्मभर. वरची कॅप झिजते, दहा-पंधरा वर्षांत ती बदलावी लागू शकते. पण लाइफटाइम असं मी कोणाला सांगत नाही. ते कंपनीच्या हातात नसतं, माझ्याही नसतं. रोजच्या घासण्यावर असतं. दर सहा महिन्यांनी मी बघायचं, मधूनमधून एक्स-रे काढायचा. शुगर असेल तर ती आटोक्यात ठेवायची."

मग त्यांनी एक बारीक ब्रश काढला, बाटली घासायच्या ब्रशसारखा, पण काडीएवढा. तो दात आणि हिरडीच्या मधून कसा फिरवायचा ते आरशात दाखवलं. काकी बघत होत्या. एकदम त्यांनी बाईंचा हात धरला.

"थांब. हिरडी मंजे बांध. बांधाच्या पायाला घान साचली की पानी आतून शिरतं, वरून काय दिसत न्हाय, आनि मग एक दिवस बांध बसतो. असाच ना?"

"अगदी असंच."

"मंजे बांधाचा पाया रोज साफ कराचा."

"रोज. दोनदा."

"एवराच होता?" काकी म्हणाल्या. त्या बाईंवर रागावल्या नव्हत्या. माझ्यावरही नाही. "मग त्यानं हसन्यापेक्षा हे का न्हाय सांगला? मी तीस वरसा बांध राकला. मी चारदा केला असता."

केला असता. ज्या बाईने कोणी न सांगता तीन मजल्यांच्या सगळ्या कड्या रोज तेलात ठेवल्या, ती दोन दातांची काळजी घेत नव्हती, असं त्या दवाखान्याने आपल्या उत्तरात लेखी कळवलं आहे. 'पेशंटचा निष्काळजीपणा.' माझ्याकडे ते पत्र आहे. चार वर्षं मिठावाचून जेवलेल्या बाईला निष्काळजी म्हणायला खास प्रकारची पदवी लागत असणार.

डावा दात काढावा लागला. सात आठवड्यांआधी आणलं असतं तर वाचला असता का, हे मी डॉक्टरीणबाईंना एकटीने जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. पण संधी जास्त होती." उजवा वाचला. त्याची सफाई झाली आणि काकींनी त्याच दिवशी मशेरीची डबी गच्चीवरून मागच्या नाल्यात टाकली. घरी येताना मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मला सुके बोंबील आणायला पाठवलं. मीठ जरा कमी पडलं म्हणून वरून आणखी घेतलं.

डाव्या बाजूचं हाड भरायला वेळ लागणार होता. तोवर काढता-घालता येणारा दात लावा, असं सगळ्यांनी सांगून बघितलं. हळदीचं ताट त्या विसरल्या नव्हत्या. भाचीच्या मुलीच्या लग्नात काकी खिंडार घेऊनच बसल्या. मी त्यांच्या मागे होते. काही शब्द हवेतच जायचे. पहिल्या धवळ्यात कोणी कोणाकडे बघेना. दुसऱ्याला, शब्द सुटायच्या जागा आल्या की आजूबाजूच्या बायका तेवढ्यापुरता आवाज चढवू लागल्या. शब्द पडायच्या आत उचलायचा, पुढे द्यायचा. काकींनी मान वळवून बघितलंही नाही, पण ताल थोडा सैल केला, बायकांना जागा मिळावी म्हणून. सगळे विधी पार पडले. घरी आल्यावर मी म्हटलं, कोणाला कळलंसुद्धा नाही. काकी म्हणाल्या, "मना कलला ना."

मी आता पूनम सागरला राहते. तक्रार अजून चालू आहे आणि ती मी सोडणार नाही. पत्रक मात्र फाडलं आणि नवीन केलं. वरच्या अर्ध्या भागात दात कसा राखायचा ते आहे, काकींच्या शब्दांत, बांधासकट. फसवणूक खालच्या अर्ध्यात.

पत्रक वाचून तुम्ही मान हलवाल आणि घडी घालून खिशात ठेवाल, हे मला माहीत आहे. मीही तेच केलं असतं. म्हणून तुमच्याकडून सहानुभूती नको, एक काम हवं आहे. तुमच्या घरात कोणाच्या तरी तोंडात असा दात आहे. आईच्या, सासऱ्यांच्या, वरच्या मजल्यावरच्या काकांच्या. आज जेवणानंतर त्या माणसाला बेसिनपाशी उभं करा आणि तो दात कसा घासता ते करून दाखवायला सांगा. तोंडी उत्तर चालणार नाही, करूनच दाखवायला सांगा. जे दिसेल त्यावर हसू नका. रक्त दिसलं, तर ते म्हणतील, अरे, दुखत नाहीये. तरी उद्या सकाळी त्यांना घेऊन जा.